३ व्होल्टच्या मोटरला २४ व्होल्ट कशासाठी? हौशी कार्यशाळेतील वीजपुरवठ्याचा इतिहास

१/ घरगुती थ्रीडी प्रिंटर किंवा छोटे सीएनसी यंत्र उघडले की एक विसंगती नजरेस येते. स्टेपर मोटरच्या माहितीपत्रकात ३ व्होल्ट लिहिलेले असतात, तर तिला वीज पुरवणाऱ्या डब्यावर २४ किंवा ३६. ही चूक नव्हे. या दोन आकड्यांमधील अंतरात काही दशकांचा इतिहास सामावलेला आहे.

२/ स्टेपर मोटर सलग फिरत नाही, पावले टाकते. बहुधा एका फेरीत २००. प्रत्येक पावलाला गुंडाळीतील प्रवाह बदलावा लागतो आणि गुंडाळी त्या बदलाला विरोध करते. या गुणधर्माला इंडक्टन्स म्हणतात.

३/ उदाहरण घेऊ. गुंडाळी ३ व्होल्ट, २ अँपिअर, ३ मिलिहेन्रीची आहे. तिला ३ व्होल्टच दिले, तर २ मिलिसेकंदांनंतरही प्रवाह अपेक्षेच्या ६३ टक्केच होतो. सेकंदाला १००० पावले टाकायची, तर प्रत्येक पावलाला १ मिलिसेकंदच मिळतो. मोटरचा जोर ओसरतो, पावले चुकतात, काम बिघडते. २४ व्होल्ट दिले, तर पूर्ण प्रवाह सुमारे पाव मिलिसेकंदात येतो.

४/ पण मग प्रवाह २ अँपिअरवर रोखायचा कसा? जुना उपाय म्हणजे गुंडाळीसोबत मोठा रोधक जोडणे. तो सोपा होता, पण उधळा. वरील उदाहरणात प्रत्येक गुंडाळीमागे खर्च होणाऱ्या ४८ वॅटपैकी ४२ वॅट निव्वळ रोधक तापवण्यात जात.

५/ ‘चॉपर’ ड्रायव्हरने ही उधळपट्टी थांबवली. प्रवाह ठरलेल्या मर्यादेला पोहोचताच तो वीज तोडतो, प्रवाह उतरताच पुन्हा जोडतो, आणि हे सेकंदाला हजारो वेळा घडते. एसजीएस या इटालियन कंपनीच्या एल२९७ आणि एल२९८ या चिपांच्या जोडीने हे तंत्र हौशी कारागिरांच्या टेबलावर आणले. एल२९८ची मर्यादा ४६ व्होल्टची होती. पुरवठा किती व्होल्टचा असावा, हे आता मोटरइतकेच ड्रायव्हरही ठरवू लागला.

६/ त्या काळचा पुरवठा म्हणजे ट्रान्सफॉर्मर, चार डायोडांचा ब्रिज आणि भलामोठा कपॅसिटर. येथे नवशिका एका गणितात हमखास फसे. ट्रान्सफॉर्मरवरील २५ व्होल्ट हे प्रत्यावर्ती विजेचे असतात. ब्रिज आणि कपॅसिटरनंतर ते १.४ पट, म्हणजे सुमारे ३५ होतात. ‘४० व्होल्ट’ लिहिलेला ट्रान्सफॉर्मर आणला, तर एल२९८ची राख ठरलेली!

७/ कपॅसिटर केवढा घ्यावा? अमेरिकेतील गेकोड्राइव्ह कंपनीचा ठोकताळा हौशी मंडळींत रूढ झाला: ८०,००० गुणिले अँपिअर, भागिले व्होल्ट, उत्तर मायक्रोफॅरडमध्ये. ४० व्होल्ट आणि ५ अँपिअरला १०,००० मायक्रोफॅरड. वेगातील मोटर एकाएकी थांबवली की ती जनित्र होऊन वीज उलट पाठवते. तीही हा कपॅसिटर पोटात घेतो.

८/ त्याच पोटात धोकाही असे. मुख्य बटण बंद केल्यावरही कपॅसिटर भरलेलाच राहतो. म्हणून त्याच्या दोन टोकांना निचऱ्यासाठी एक रोधक जोडणे, हा या कारागिरीतला न मोडण्याचा नियम होता आणि आजही आहे.

९/ दरम्यान संगणकांनी दुसरी वाट रुळवली होती. १९७७च्या ‘ॲपल २’साठी रॉड होल्ट यांनी हलका, कमी तापणारा स्विचिंग पुरवठा रचला. १९९५मध्ये इंटेलने एटीएक्स हे मानक आणले. पुढे जुने संगणक भंगारात निघू लागले, तसा त्यांतील १२ व्होल्टचा पुरवठा जवळजवळ फुकट मिळू लागला.

१०/ २००५मध्ये ब्रिटनमधील बाथ विद्यापीठात एड्रियन बोयर यांनी ‘रेपरॅप’ हा मुक्त थ्रीडी प्रिंटरचा प्रकल्प सुरू केला. त्याच्या अनुयायांनी भंगारातील हेच एटीएक्स डबे उचलले. हिरवी तार काळीला जोडली की डबा सुरू! कित्येक यंत्रांत १२ व्होल्ट आले ते असे: मोटरच्या गरजेतून नव्हे, तर संगणकाच्या उष्ट्यातून.

११/ या सोयीची किंमत पुढे कळली. १२० वॅटच्या तापत्या पटाला १२ व्होल्टवर १० अँपिअर लागतात. तारा आणि जोड तापतात. २४ व्होल्टवर प्रवाह निम्मा होतो आणि त्याच तारांतील उष्णता एक-चतुर्थांश. २०१७मध्ये प्रूसाच्या एमके३ या लोकप्रिय प्रिंटरनेही १२ सोडून २४ व्होल्ट स्वीकारले.

१२/ या साऱ्या अनुभवातून निवडीचा क्रम ठरला. आधी मोटरचा प्रवाह आणि इंडक्टन्स पाहावा. मग ड्रायव्हरची कमाल मर्यादा पाहून तिच्या बऱ्यापैकी खाली राहावे. शेवटी सर्व मोटरींच्या प्रवाहांची बेरीज करून तिच्या दोन-तृतीयांश क्षमतेचा पुरवठा घ्यावा. चॉपरमुळे तेवढा पुरतो. हाताशी आलेल्या डब्यापासून सुरुवात करणाऱ्यांनी हा क्रम उलटा चालवला, आणि त्याची भरपाई जळालेल्या चिपांनी केली.