बहुकबुली खूनकथा

बहुकबुली खूनकथा : एकाच खुनाची कबुली दोन किंवा अधिक संशयित देतात आणि त्यांतली खरी कोणती, किंवा एक तरी खरी आहे काय, हे ठरवण्यावर जिचे कथानक उभे असते अशी रहस्यकथा. नेहमीच्या खूनकथेत सगळे संशयित कानांवर हात ठेवतात आणि तपासनीस त्यांतल्या एकाला पकडतो. इथे खून एक आणि तो अंगावर घेणारे अनेक, त्यामुळे कोणाला अडकवायचे यापेक्षा कोणाकोणाला सोडायचे हे सिद्ध करण्यात पाने खर्ची पडतात. हा स्वतंत्र प्रकार मानावा की कूटकथेतली एक युक्ती, याबद्दल एकमत नाही. ही नोंद मुख्यतः कथानकाच्या आखणीपुरती आहे.

पूर्वपीठिका : फ्योदर दोस्तोयेव्स्कीच्या ‘क्राइम अँड पनिशमेंट’ (१८६६) या कादंबरीत खुनी कोण हे वाचकाला पहिल्यापासून माहीत असते, म्हणून तिला रहस्यकथा म्हणत नाहीत. तरीही या युक्तीचा एक उत्तम नमुना तिच्यात आहे. तपास अधिकारी पोर्फिरी रास्कोलनिकोव्हला जवळजवळ कोंडीत पकडतो, त्याच क्षणी निकोलाय नावाचा रंगारी आत घुसून ‘खून मी केला’ असे सांगतो. हा निष्पाप माणूस जुन्या पंथाच्या धार्मिक वातावरणात वाढलेला, दुःख सोसण्यातच तारण आहे असे मानणारा. त्याची कबुली कोणाला वाचवण्यासाठी नाही, पैशासाठी नाही आणि मारहाणीतूनही आलेली नाही. पुढच्या लेखकांनी हा हेतू फारसा वापरला नाही, याचे आश्चर्य वाटते.

रियुनोसुके अकुतागावाची ‘यबु नो नाका’ (राईत) ही जपानी कथा जानेवारी १९२२ मध्ये ‘शिंचो’ मासिकात आली. एका सामुराईच्या मृत्यूबद्दल सात निवेदने एकापुढे एक ठेवली आहेत. लेखक मध्ये एक शब्दही बोलत नाही. पहिली चार साक्षीदारांची, उरलेली तीन कबुलीची. ताजोमारू हा दरोडेखोर सांगतो की आपण त्याला तलवारीच्या द्वंद्वात मारले. बायको सांगते की आपण त्याला कट्यारीने भोसकले. मृताचा आत्मा अंगात येणाऱ्या बाईच्या तोंडून सांगतो की आपण त्याच कट्यारीने आत्महत्या केली. प्रेताजवळ शस्त्र सापडलेले नाही. तिघेही दोष झटकत नाहीत, ओढून घेतात. कथेचे मूळ ‘कोंजाकु मोनोगातारी’ या जुन्या संग्रहातल्या एका गोष्टीत आहे, पण तिथे नवऱ्याचा खून होतच नाही. खून आणि कबुल्या दोन्ही अकुतागावाच्या. एक गोष्ट सहसा कोणी नोंदवत नाही: तीन कबुल्यांपैकी फक्त ताजोमारूची अधिकाऱ्यापुढे झालेली आहे. बायकोची कियोमिझु मंदिरातली आहे, आणि मृताची कोणत्याही न्यायालयात टिकणारी नाही. अकिरा कुरोसावाने या कथेवरून ‘राशोमोन’ (१९५०) काढताना लाकूडतोड्याची वेगळी हकिगत जोडली. चित्रपटाला १९५१ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात सुवर्णसिंह मिळाला. उत्तर न देणारी कथा रहस्यकथा म्हणावी काय, हा वाद इथे घेतलेला नाही.

इंग्रजी कूटकथा : अॅगाथा ख्रिस्तीची ‘द मर्डर अॅट द व्हिकरेज’ (१९३०) ही मिस मार्पलची पहिली कादंबरी या प्रकाराचा पाया मानावी लागते. सेंट मेरी मीड या खेड्यातल्या पाद्र्याच्या अभ्यासिकेत कर्नल प्रॉथेरो गोळी लागून मेलेला सापडतो. चित्रकार लॉरेन्स रेडिंग स्वतः पोलीस ठाण्यावर जाऊन पिस्तूल ठेवतो आणि कबूल होतो. पाठोपाठ कर्नलची बायको अॅन कबूल होते. दोघांचे प्रेमसंबंध असल्याने अर्थ उघड दिसतो: दुसऱ्याने खून केला असे समजून प्रत्येक जण त्याला वाचवतो आहे. लॉरेन्सने सांगितलेली वेळ डॉक्टरांच्या अंदाजात बसत नाही. अॅन बागेतून गेली तेव्हा तिच्याकडे पिस्तूल लपवण्याजोगे काही नव्हते, हातात पर्सही नव्हती, असे शेजारीण मिस मार्पल सांगते. दोघेही सुटतात. शेवटी कळते की खून त्या दोघांनीच मिळून केला. लॉरेन्सने पिस्तूल अभ्यासिकेतल्या कुंडीत आधीच ठेवले होते, गोळी अॅनने घातली आणि कबुल्या ठरवून, पडण्यासाठीच दिल्या होत्या. एकदा मोडलेली कबुली पोलीस सहसा पुन्हा उचलत नाहीत, यावर साऱ्या कटाची भिस्त आहे.

खोलीतले घड्याळ सहा बावीसला थांबलेले असते. ते मुद्दाम पाव तास पुढे ठेवतात हे घरच्यांनाच ठाऊक. या तपशिलावरून इन्स्पेक्टर स्लॅकचा जो गोंधळ उडतो तो कबुल्यांच्या वेळा तपासताना उपयोगी पडतो. तिसरी, अर्धवट कबुली सहायक पाद्री हॉज याची. त्याने चर्चचे पैसे खाल्ले आहेत, आणि तो पश्चात्तापाने बोलू लागतो तेव्हा ऐकणाऱ्याला ते खुनाबद्दल वाटावे अशी मांडणी आहे. कबुली खरी, पण गुन्हा भलताच, ही चाल पुढे अनेकांनी घेतली.

ख्रिस्तीच्याच ‘द मिस्टीरियस अफेअर अॅट स्टाइल्स’ (१९२०) या पहिल्या कादंबरीत याच तर्काचे बीज दिसते. तिथला खुनी लवकर अटक होऊन निर्दोष सुटण्याची खटपट करतो, कारण एकदा सुटलेल्यावर त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला चालत नाही. अँथनी बर्कलीच्या ‘ट्रायल अँड एरर’ (१९३७) मध्ये गंमत उलटी आहे: असाध्य दुखण्याने मरणारा टॉडहंटर खून करतो, पकडला जातो दुसराच, आणि टॉडहंटर कबूल होतो तर त्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. स्वतःचा अपराध सिद्ध करायला त्याला झगडावे लागते. बर्कलीची ही कादंबरी ‘द पॉयझन्ड चॉकलेट्स केस’पेक्षा (१९२९) कमी वाचली जाते. कायद्याच्या अभ्यासकाने तरी क्रम उलटा ठेवावा.

आखणी : अशा कथेचा आराखडा खुनापासून सुरू करण्यापेक्षा चुकांपासून सुरू केलेला बरा. प्रत्येक कबूल होणाऱ्याला त्या रात्रीचे काय ठाऊक आहे, काय ठाऊक नाही आणि काय चुकीचे ठाऊक आहे, हे आधी लिहून काढावे लागते. खोटे बोलणाऱ्यालाही खोटे रचायला काहीतरी पाहिलेले लागते. मुलाला वाचवणारी आई ‘सुरी मी चालवली’ म्हणते तेव्हा सुरी कुठे पडली होती, दिवा चालू होता की बंद, मागचे दार उघडे होते का, हे ती खरे सांगते, कारण ती तिथे गेलेली असते. थोडक्यात, खोटी कबुली हीच खरी साक्ष असते, आणि कुशल लेखक तपासनिसाला प्रत्येक मोडलेल्या कबुलीतून असा एक खरा तपशील काढून देतो. ज्या कबुलीतून काहीच हाती लागत नाही ती भरताड.

हेतू परस्परांहून निराळे हवेत. एकाने माया म्हणून, दुसऱ्याने भीतीपोटी, तिसऱ्याने नाव व्हावे म्हणून कबूल व्हावे. तिघेही कोणाला तरी वाचवू लागले की वाचक कंटाळतो. सर्वांत उपयोगी पात्र म्हणजे प्रामाणिकपणे चुकलेला: आपल्या हातून माणूस मेला असे ज्याला मनापासून वाटते, पण ज्याने गोळी झाडली तेव्हा समोरचा विषाने आधीच मेलेला होता. त्याची कबुली शब्दशः खरी असते आणि निष्कर्षात खोटी. मरणोत्तर तपासणीचा अहवाल किती उशिरा येऊ द्यायचा, हे या पात्रासाठीच ठरवावे लागते.

पहिली कबुली लवकर यावी. उशिरा आली तर वाचक तिला शेवट समजतो आणि पुढची प्रत्येक कबुली लेखकाची लबाडी वाटते. संख्या तीनच्या पुढे नेणे सहसा साधत नाही. ख्रिस्तीच्या ‘मर्डर ऑन द ओरिएंट एक्सप्रेस’चा (१९३४) दाखला याविरुद्ध देतात, पण तिथे सामूहिक कृत्य शेवटी उघड होते; चढाओढीच्या कबुल्या नाहीत.

पोलिसांनी राखून ठेवलेला तपशील हे चाचणीचे जुने साधन आहे: प्रेताच्या खिशात काय होते, दोरीला गाठ कशी होती, यांतले काहीतरी वर्तमानपत्रांना कळू द्यायचे नाही. केइगो हिगाशिनोच्या ‘द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स’ने (२००५) हे साधनही निकामी करून दाखवले. गणिताचा शिक्षक इशिगामी शेजारणीने केलेला खून स्वतःवर घेतो. ती कबुली कोणत्याही तपासणीत टिकावी म्हणून त्याने खरोखरच एक दुसरा खून केलेला असतो आणि पोलिसांपुढे तेच प्रेत येते. मग शेजारीणही कबूल होते आणि त्याचे सारे गणित फिसकटते. या कादंबरीला नाओकी पारितोषिक मिळाले. तिच्यावरून ‘जाने जाँ’ (२०२३) हा हिंदी चित्रपट निघाला.

भारतीय कायदा : भारतात घडणाऱ्या कथेला इंग्रजी नमुना जसाच्या तसा लावता येत नाही, आणि आपले लेखक इथेच घसरतात. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याच्या कलम २५ नुसार पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध शाबीत करता येत नाही. कलम २६ नुसार कोठडीतली कबुली दंडाधिकाऱ्यापुढे दिलेली नसेल तर तीही नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात हे सारे कलम २३ मध्ये एकत्र आले आहे. तेव्हा दिवाणखान्यात सगळ्यांना बसवून इन्स्पेक्टरने मिळवलेली कबुली नाट्यमय असेल, पुरावा नव्हे. दंडाधिकारी कबुली नोंदवण्याआधी ‘तुम्ही बोलायला बांधील नाही, बोललात तर ते तुमच्याविरुद्ध वापरले जाईल’ अशी समज देतो. ही पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १६४ ची, आताच्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८३ ची पद्धत आहे.

कथाकाराला खरे भांडवल जुन्या कलम २७ मध्ये आहे. आरोपीच्या सांगण्यावरून एखादी वस्तू सापडली तर त्या शोधाशी थेट निगडित तेवढा भाग ग्राह्य धरतात. पंचांसमोर निवेदन लिहून घेतात, मग आरोपी पुढे आणि पंच मागे अशी मंडळी जागेवर जातात आणि जप्तीचा पंचनामा होतो. ‘कोयता मी विहिरीमागे पुरला’ या वाक्यातला लपवण्याचा भाग चालतो. ‘त्याच कोयत्याने मारले’ हा नाही. प्रिव्ही कौन्सिलने पुलुकुरी कोट्टया खटल्यात ही रेघ आखून दिली. एकाच कोयत्याची जागा दोघांनी दाखवली तर काय? एकदा सापडलेली वस्तू पुन्हा ‘सापडत’ नाही, म्हणून दुसऱ्याच्या दाखवण्याला जवळजवळ किंमत उरत नाही. मग कोणाला आधी नेले हा प्रश्न तपास अधिकाऱ्याच्या हाती जातो. एवढ्यावर एक कादंबरी उभी राहील.

एकत्र खटला चाललेल्या आरोपींपैकी एकाची स्वतःलाही गोवणारी कबुली दुसऱ्याविरुद्ध विचारात घेता येते (जुने कलम ३०, नवे २४). पण ती आधी नव्हे, इतर पुराव्यानंतर केवळ खात्रीसाठी पाहावी, असे सर्वोच्च न्यायालयाने काश्मिरा सिंग खटल्यात (१९५२) सांगितले. माफीचा साक्षीदार हा वेगळा विषय आहे.

प्रत्यक्षातले दाखले : गाजलेल्या खुनांत न केलेला गुन्हा कबूल करणारे रांगेने येतात. १९४७ मधील लॉस एंजेलिसच्या ‘ब्लॅक डालिया’ प्रकरणात अशांची संख्या पोलिसांना डोकेदुखी झाली; स्वीडनचे पंतप्रधान उलोफ पाल्मे यांच्या १९८६ मधील हत्येची कबुली शंभराहून अधिक जणांनी दिली. आइसलंडमध्ये १९७४ साली दोन पुरुष वेगवेगळ्या वेळी बेपत्ता झाले. प्रेते कधीच सापडली नाहीत. दीर्घ एकांतकोठडीनंतर सहा तरुणांनी कबुल्या दिल्या आणि त्यांना शिक्षा झाल्या. २०१८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाच जणांना निर्दोष ठरवले. मानसशास्त्रज्ञ कॅसिन व राइट्समन यांनी १९८५ मध्ये खोट्या कबुलीचे तीन प्रकार पाडले: आपणहून दिलेली, सुटका व्हावी म्हणून दिलेली, आणि दडपणाखाली स्वतःलाच खरी वाटू लागलेली. तिसरा प्रकार कथेत क्वचितच दिसतो.

रंगभूमी व चित्रपट : ख्रिस्तीचे ‘द अनएक्स्पेक्टेड गेस्ट’ हे नाटक १९५८ मध्ये लंडनच्या डचेस थिएटरमध्ये आले. धुक्याच्या रात्री नवऱ्याच्या प्रेतापाशी पिस्तूल घेऊन उभी असलेली बायको आगंतुकापुढे ताबडतोब कबूल होते, आणि तिथून संशय एकेकावर फिरत जातो. बी. आर. चोप्रा यांचा ‘धुंद’ (१९७३) त्यावरच बेतलेला आहे.

मराठी : बाबूराव अर्नाळकरांच्या ‘झुंजार’ व ‘काळा पहाड’ मालिकांचा भर साहसावर व पाठलागावर, कबुलीवर नाही. आचार्य अत्रे यांचे ‘तो मी नव्हेच’ (१९६२) हे न्यायालयीन नाटक नकारावर उभे असल्याने या नोंदीच्या कक्षेबाहेर राहते.