साडेतीन मिलिमीटर

माझ्या मुलीच्या वरच्या डाव्या सुळ्यानं रांग सोडली आहे ती साडेतीन मिलिमीटर. चारच्या पुढे सोडली असती, तर तिच्या तारांचा सगळा खर्च ब्रिटिश सरकारनं केला असता. आता तो आम्ही करतो आहोत. सुरुवातीला ४५० पौंड, मग चोवीस महिने दरमहा १००, एकूण २,८५०. मी लेस्टरला हिशेबतपासणीचं काम करते. कागदावर एखादी मर्यादा दिसली की ती कुणी घातली आणि कधी, हे विचारल्याशिवाय मला पुढचं पान उलटवत नाही. ही खोड या वेळी पोरीच्या जबड्यापर्यंत जाऊन पोचली.

या तपासणीसाठी पारदर्शक प्लास्टिकची एक छोटी पट्टी असते. तिच्यावर खुणांबरोबर आकडे आणि अक्षरंही छापलेली. डॉक्टरबाईंनी ती दातांपाशी धरली आणि मदतनीस मुलीला ‘थ्री डी’ एवढंच सांगितलं. लेक आ वासून पडली होती म्हणून, नाहीतर हसली असती. इंग्लंडमध्ये अठरा वर्षांखालच्या मुलांचे दात सरकारी खर्चानं भरतात, काढतात, पण तारा हव्या असतील तर आधी मोजमाप. पाच श्रेणी. वरचे दात खालच्यांपेक्षा सहा मिलिमीटरहून जास्त पुढे आले असतील तर चौथी, नऊच्याही पुढे असतील तर पाचवी. शेजारशेजारचे दात एकमेकांपासून चारहून जास्त सरकले असतील तरी चौथी. दोन ते चार म्हणजे तिसरी. चौथी आणि पाचवी मोफत. पहिलीनं, दुसरीनं दवाखान्यात येऊच नये. तिसरी मात्र अधांतरी. तिच्यासाठी आणखी एक परीक्षा असते, दहा फोटोंची. दिसायला सर्वांत बऱ्या दातांपासून सर्वांत वाईट दातांपर्यंत लावलेले हे फोटो. त्यांतल्या सहाव्या किंवा पुढच्या फोटोशी आपले दात जुळले तर दार उघडतं. आमची पाचव्यावर अडकली. म्हणजे दिसायला जरा वाईट असती तर बरं झालं असतं, असा विचार एका आईच्या मनात आला, हे लिहून ठेवते.

दात सरळ करून घेण्याची हौस जुनी आणि ती कायम पैसेवाल्यांची. पॅरिसच्या पिएर फोशार यानं १७२८ साली दंतवैद्यकावर मोठा ग्रंथ छापला. त्यात सोन्याची किंवा चांदीची भोकं पाडलेली कमानदार पट्टी आहे. वाकडे दात दोऱ्यानं तिला बांधायचे आणि ताणायचे. अमेरिकेत एडवर्ड अँगल यानं १८९९ मध्ये दाढा एकमेकींवर कशा बसतात त्यावरून वाकड्या दातांचे तीन वर्ग पाडले. पुढच्याच वर्षी सेंट लुईसला त्यानं फक्त याच विद्येची शाळा काढली. तारा आणि कड्या मौल्यवान धातूंच्या असत, तेव्हा गिऱ्हाईक कोण असणार ते उघड आहे.

ब्रिटनमध्ये १९०७ या एकाच वर्षी दोन गोष्टी झाल्या. लंडनमध्ये दात सरळ करणाऱ्या डॉक्टरांनी आपली अभ्यासमंडळी स्थापन केली. आणि केंब्रिजमध्ये शाळकरी मुलांसाठी दातांचा पहिला दवाखाना निघाला. या दुसऱ्या गोष्टीमागे गरिबांचा कळवळा होता तशी सैन्याची काळजीही होती. बोअर युद्धाच्या वेळी भरतीला आलेली पोरं किडक्या दातांपायी परत पाठवावी लागली होती. लष्करी बिस्किट चावता येईना, असा तो मामला. केंब्रिजच्या दवाखान्यात गरीब मुलांचे किडलेले दात भरले आणि उपटले जात. सरळ करण्याचा विषय तिथं निघण्याचं कारण नव्हतं. लंडनची मंडळी बोलत होती ती वेगळ्याच मुलांबद्दल.

५ जुलै १९४८ ला राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. इथले सगळे तिला एनएचएस म्हणतात. पहिल्या दिवसापासून लोक दंतवैद्यांकडे अक्षरशः लोटले, ते दात वाचवायला नव्हे, कवळ्या बसवायला. माझ्या कचेरीतली एक वयस्क सहकारी लँकेशरची. तिच्या आजीनं लग्नाआधी सगळे दात काढून घेतले होते. नवऱ्याला पुढे दातदुखीचा खर्च नको म्हणून माहेरनं दिलेली ती भेट होती. उत्तर इंग्लंडात आणि वेल्समध्ये असे किस्से घरोघरी निघतात. १९६८ च्या पाहणीत इंग्लंड आणि वेल्समधल्या प्रौढांपैकी ३७ टक्के लोकांच्या तोंडात स्वतःचा एकही दात नव्हता, म्हणजे किस्से अगदीच हवेतले नसावेत.

हा लोंढा खजिन्याला पेलला नाही. १९५१ च्या अर्थसंकल्पात कवळ्यांवर आणि चष्म्यांवर पैसे आकारायचं ठरलं आणि ज्यानं ही सेवा उभी केली त्या अॅन्युरिन बेव्हननं मंत्रिपद सोडलं. पुढच्या वर्षी चर्चिलच्या सरकारनं दातांच्या उपचारांना सरसकट एक पौंड लावला. मुलं यातून वगळली गेली. माझ्या मते तारांचा ब्रिटिश इतिहास खरा इथं सुरू होतो. मोठ्यांच्या तोंडाला किंमत लागली, मुलांच्या तोंडाला लागली नाही. आणि ज्याला किंमत नाही त्याची मागणी किती वाढेल, हे कुठल्याही हिशेबनिसाला विचारावं.

पहिली तीस वर्षं तरी मागणी आवाक्यात राहिली, कारण साधनच साधं होतं. टाळूला बसणारी गुलाबी प्लास्टिकची प्लेट, तिला स्टेनलेस स्टीलच्या तारा. फिलिप अॅडम्स यांनी १९५० च्या सुमाराला दाढेला पकडणारा एक आकडा बेतला. तो इतका चपखल निघाला की आजही लॅबमध्ये तार वाकवताना त्याचंच नाव घेतात. गल्लीतला साधा दंतवैद्य ही प्लेट बसवू शकायचा. मंजुरीचे कागद ईस्टबोर्नच्या सरकारी मंडळाकडे जायचे. माझ्या त्याच सहकारीणबाईंची प्लेट शाळेत जेवताना कागदी रुमालात गुंडाळलेली होती आणि रुमालासकट कचऱ्यात गेली. त्या पिढीतल्या निम्म्या लोकांकडे ही गोष्ट आहे, फक्त जेवणातला पदार्थ बदलतो. प्लेट दात ढकलते, नीट फिरवून जागेवर बसवत नाही. पण फुकटात तेवढं पुरे, असं सर्वांनी धरलं होतं. स्कॉटलंडच्या विल्यम क्लार्क यांनी १९७७ मध्ये पडून दात हललेल्या एका मुलासाठी वरखाली दोन उतरते ठोकळे असलेली जोडप्लेट बनवली. ती जगभर गेली. काढघाल करता येणाऱ्या साधनांतलं इंग्लंड-स्कॉटलंडचं हे शेवटचं मोठं देणं म्हणता येईल.

मग आल्या चिकटवायच्या तारा, आणि गणित फिरलं. आधी पक्क्या तारा बसवायच्या तर प्रत्येक दाताभोवती धातूची कडी चढवावी लागे, तासन्‌तास. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरला मायकेल ब्युओनोकोर यांनी १९५५ मध्ये दाखवून दिलं की दाताचा वरचा थर आम्लानं खरखरीत केला की त्यावर प्लास्टिक घट्ट चिकटतं. त्यातून पुढे बारीक चौकोनी पकडी सरळ दातावरच चिकटवता येऊ लागल्या. कॅलिफोर्नियाच्या लॉरेन्स अँड्र्यूज यांनी प्रत्येक दाताचा कल पकडीतच घडवून ठेवला, म्हणजे तार वाकवण्याचं निम्मं कसब वाचलं. आणि अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत सापडलेला निकेल-टायटॅनियमचा मिश्रधातू तोंडात आला. वाकवला तरी आपल्या मूळ आकाराकडे परतणारा, म्हणून आठवडेच्या आठवडे हळुवार ओढत राहणारा. काम सोपं झालं, परिणाम देखणा झाला, आणि पूर्वी ज्या दातांकडे कुणी पाहिलंही नसतं ते दात उपचाराच्या यादीत आले. माझ्या लेकीचा सुळा त्यांतलाच. चाळीस वर्षांपूर्वीचा दंतवैद्य म्हणाला असता, बाई, पोर चावते ना व्यवस्थित?

डॉक्टरबाईंनी दातांपाशी धरलेली ती पट्टी या गर्दीतून जन्मली. पीटर ब्रूक आणि विल्यम शॉ यांनी १९८९ मध्ये मँचेस्टरहून त्या पाच श्रेणी प्रसिद्ध केल्या. मुळात उपचाराची गरज खरोखर किती आहे हे सर्वांनी एकाच मापानं मोजावं म्हणून केलेलं शास्त्रीय साधन. स्वीडनमध्ये असं एक आधीपासून होतं, त्याचा आधार घेतलेला. दहा फोटो बारा वर्षांच्या मुलांचे. त्यांचा क्रम लावणारे दंतवैद्य नव्हते, साधी माणसं होती. यात कुठंही पैशाचा उल्लेख नाही. पैसा आला १ एप्रिल २००६ ला. त्या दिवसापासून स्थानिक आरोग्य यंत्रणा तारांच्या डॉक्टरांकडून उपचारांची ठरावीक ‘एककं’ विकत घेऊ लागली. दहा ते सतरा वर्षांच्या मुलाचा पूर्ण उपचार म्हणजे २१ एककं, तपासून नाही म्हटलं तर १. आणि कुणाला हो म्हणायचं, तर ज्याची श्रेणी चार किंवा पाच, अथवा तीन आणि फोटो सहावा किंवा पुढचा. संशोधकांचं माप त्या दिवशी खजिन्याची वेस झालं. मला यात अन्याय दिसत नाही. ज्याच्या वरच्या सुळ्याचा हिरडीतच अडकलेला कोंब शेजारच्या दाताची मुळं खातो, त्या मुलाला माझ्या मुलीच्या आधी घ्यायलाच हवं. पण साडेतीन आणि साडेचार यांच्यामधला फरक वैद्यकीय आहे असं मला कुणी सांगू नये.

आमच्या घरात या इतिहासाचा उपयोग नवऱ्यानं केला. त्याच विल्यम शॉ यांनी सहकाऱ्यांसह कार्डिफमधल्या १,०१८ मुलांची १९८१ मध्ये पाहणी केली होती, अकरा-बारा वर्षांची मुलं. वीस वर्षांनी त्यांतले ३३७ जण पुन्हा तपासले. लहानपणी तारा न लावल्यानं मोठेपणी मन खचलं, आत्मविश्वास गेला, असं काही आढळलं नाही. लावलेल्यांचे दात अर्थातच जास्त सरळ होते आणि ते दातांवर खूश होते. “बघ, पट्टी करणारा माणूसच सांगतोय,” नवरा म्हणाला. लेकीनं दोघांकडे पाहून एवढंच विचारलं, की त्या कार्डिफच्या मुलांच्या वर्गात किती जणांना तारा होत्या? तिच्या वर्गात बऱ्याच जणींना आहेत. मी पैसे भरले.

मी का भरले, याचं एक कारण मिरजेत आहे. मी तेरा वर्षांची असताना माझे वरचे दात चांगलेच पुढे होते. ही पट्टी पाहिल्यावर घरी येऊन साधी फूटपट्टी लावली. अजूनही सात भरतात. म्हणजे इथं जन्मले असते तर चौथी श्रेणी, मोफत, रांगेत नाव. वडील प्राथमिक शिक्षक. त्यांनी चौकशी केली, तर कुणी पुण्याचे खासगी डॉक्टर सांगितले, कुणी म्हणालं मुंबईला नायरचं दंत महाविद्यालय आहे, तिथं स्वस्तात होईल. १९३३ पासूनचं ते. तिथं विद्यार्थी शिकता शिकता काम करतात, म्हणून पैसे कमी. पण महिन्या-दीड महिन्याला मिरज-मुंबई, बरोबर मोठं माणूस, वर्ष-दोन वर्षं. पाठीमागे दोन बहिणी. विषय तिथंच संपला, कुणाला वाईट वाटल्याचंही आठवत नाही. ज्या १९४८ मध्ये इथं सगळ्यांसाठी दातांचा दवाखाना उघडला, त्याच वर्षी भारतात दंतवैद्य कायदा झाला. त्यानं दंतवैद्य कुणाला म्हणावं ते ठरवलं, त्याचे पैसे कुणी द्यावेत ते नाही. साडेतीन की साडेचार असा प्रश्नच मिरजेत नव्हता. घरात पैसे आहेत का, एवढाच होता.

आता तिकडचे नातेवाईक फोनवर सांगतात, सुट्टीत घेऊन ये, पुण्यात निम्म्यात होईल. होईलही. पण तार दर सहा-आठ आठवड्यांनी बदलावी लागते, आणि सुट्टी तेवढ्या वेळा मिळत नाही. म्हणून लेस्टर.

करारपत्र मी कामाच्या सवयीनं वाचलं. शेवटच्या पानावर रिटेनरचं कलम आहे. तारा काढल्यावर दात परत आपल्या जुन्या जागेकडे सरकू पाहतात, म्हणून रात्री प्लास्टिकचं साचेबंद कवच घालायचं, आणि ते अनेक वर्षं. पहिलं वर्ष किमतीत धरलेलं, पुढचं ज्याचं त्यानं. सरकारी खर्चानं तारा लागलेल्या मुलांनाही देखरेख मिळते ती तारा काढल्यानंतर बारा महिनेच. त्यानंतर रिटेनर तुटला, हरवला की त्यांचे आईबापही पाकीट काढतात. साडेचारवाले आणि साडेतीनवाले एकाच खिडकीपुढे. मी जोडीच्या दुसऱ्या रिटेनरचा दर आत्ताच लिहून मागितला आहे, दोन वर्षांनी वाढला असं सांगायला नको.