तीन लेकी आणि एक मणी

आपल्या मंडळाच्या हस्तव्यवसाय वर्गात यंदा ‘पॉलिमर क्ले’चे दागिने शिकविले गेले, हे सभासद भगिनींना ठाऊक आहेच. वर्ग संपल्यावर छोटेसे प्रदर्शन मांडले होते. मेजावरची कर्णफुले आणि माळा पाहून एक वडीलधाऱ्या बाई कौतुकाने म्हणाल्या, “छान आहे हो सगळे. पण हा आपला फावल्या वेळचा उद्योग. याला का कुठे इतिहास असतो?” त्या बोलल्या मायेनेच, पण प्रश्न माझ्या मनात रुतून बसला. वर्धापनदिनाच्या या स्मरणिकेच्या निमित्ताने त्याचे उत्तर देण्याचा हा अल्पसा प्रयत्न.

मण्यांची हौस माणसाला फार पुरातन काळापासून आहे. अहमदनगर जिल्ह्यात (आजचा अहिल्यानगर) प्रवरेच्या काठी नेवासे येथे डेक्कन कॉलेजचे डॉ. ह. धी. सांकलिया यांनी १९५४ ते १९५६ या काळात उत्खनन केले. तेथे ताम्रपाषाण युगातील एका बालकाच्या दफनात गळ्याभोवती तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली आणि मण्यांच्या आत दोऱ्याचे अवशेष शिल्लक होते. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी कोणीतरी त्या लेकरासाठी ती माळ ओवली असेल. कोणी, ते आपल्याला कधीच कळणार नाही. आपली बोरमाळ, जोंधळी पोत, पोहेहार यांचेही तसेच. बोर, जोंधळा, पोहे ही नावे स्वयंपाकघरातली आणि शेतातली. पण तो आकार प्रथम कोणाला सुचला, त्याची नोंद कोठे नाही.

म्हणूनच जिथे नाव टिकले आहे, तिथे थोडे थांबून पाहावेसे वाटते. अशा तीन लेकी मला सापडल्या.

पहिली लेक इटलीतली. व्हेनिसजवळ मुरानो नावाचे बेट आहे. आगीच्या भीतीने १२९१ साली व्हेनिसच्या काचभट्ट्या तेथे हलविण्यात आल्या. पंधराव्या शतकात तेथे आंजेलो बारोव्हिएर हा नामांकित काच-कारागीर होऊन गेला. मारिएत्ता ही त्याची मुलगी. १४८७ साली तिला स्वतःची लहानशी भट्टी चालविण्याची परवानगी मिळाल्याची नोंद आहे. त्या काळी बाईच्या नावाची भट्टी, ही काही लहान गोष्ट नव्हे! ‘रोझेत्ता’ नावाचा मणी तिनेच शोधून काढला, असे परंपरेने मानले जाते.

हा मणी कसा होतो, ते आपल्याला समजायला सोपे आहे, कारण आपण अळूवडी करतो. पानावर पीठ, पिठावर पान, असे थर लावून गुंडाळी केली आणि सुरीने कापली, की प्रत्येक वडीत तीच नक्षी दिसते. रोझेत्तामध्ये पांढऱ्या, निळ्या आणि विटकरी काचेचे थर एकावर एक चढवितात आणि मधल्या थरांना कंगोऱ्यांच्या साच्यात दाबून चांदणीचा आकार देतात. मग तो तापलेला गोळा दोन्हीकडून ओढून लांब दांडी करतात. दांडी बारीक होते, तशी आतली चांदणीही लहान होते. पण मोडत नाही. थंड झाल्यावर तुकडे पाडून टोके घासली, की बारा टोकांची चांदणी उमलते.

या मण्याचे पुढचे चरित्र सगळेच सुंदर नाही. युरोपचे व्यापारी तो गलबतांतून आफ्रिकेत आणि अमेरिकेत घेऊन गेले. सोने, हस्तिदंत यांच्या बदल्यात मणी दिले गेले, आणि माणसांच्या बदल्यातही दिले गेले. गुलामांच्या व्यापारात व्हेनिसचे मणी चलनासारखे वापरले जात. मारिएत्ताचा त्यात दोष नाही. पण हातातून सुटलेली वस्तू कोठे जाईल, हे करणारीच्या हाती नसते, एवढे त्यावरून समजते.

दुसरी लेक जर्मनीतली. तिची आई केटे क्रूझ, पूर्वाश्रमीची नटी. पती माक्स क्रूझ हे मूर्तिकार. १९०५ साली थोरल्या मुलीने, मारियाने, बाहुली मागितली. दुकानातल्या बाहुल्या वडिलांना कुरूप वाटत. तूच कर म्हणून त्यांनी केटेबाईंना सांगितले. केटेबाईंनी टॉवेलात वाळू भरली, बटाट्याचे डोके केले आणि पहिली बाहुली झाली. १९१० साली बर्लिनच्या एका प्रदर्शनात त्यांच्या बाहुल्या लोकांनी उचलून धरल्या, आणि १९१२ पासून बाड क्यॉझेन या गावी त्यांची कार्यशाळा उभी राहिली. सात मुलांचा संसार सांभाळून हे चालले होते. एका मोठ्या कारखान्याने त्यांच्या बाहुलीची नक्कल केली, तेव्हा त्या कोर्टात गेल्या आणि १९२५ साली जिंकल्या. खेळण्यालाही कलाकृतीसारखे संरक्षण मिळू शकते, हे त्या निकालाने ठरविले.

१९३९ च्या सुमारास त्यांच्याकडे एक नवे कृत्रिम द्रव्य आले. बाहुलीच्या डोक्यांकरिता ते कामी पडेल, असा विचार होता. पण कारखान्याच्या कामाला ते जमले नाही. तेव्हा त्यांनी ते दुसऱ्या मुलीच्या, सोफीच्या, स्वाधीन केले. सोफीला घरात ‘फीफी’ म्हणत. आईच्या कामात निरुपयोगी ठरलेल्या त्या गोळ्याशी फीफी खेळत राहिली, रंग मिसळत राहिली. महायुद्धानंतर तिने ते ‘फीफी मोझाइक’ या नावाने विकावयास काढले. १९६४ साली एबरहार्ड फाबर या कंपनीने ते तिच्याकडून घेतले आणि जगभर ‘फिमो’ नावाने विकले. त्यातला ‘फि’ हा फीफीचा. ‘मो’ मोझाइकचा, की मॉडेलिंगचा, हे दोन्ही तऱ्हांनी सांगतात. घरातले लाडाचे नाव दुकानाच्या फळीवर जाऊन बसले, हे मात्र खरे.

‘क्ले’ म्हणत असले, तरी यात माती मुळीच नसते. पीव्हीसी या प्लॅस्टिकची बारीक पूड, तिला मऊ ठेवणारे तेलकट द्रव्य आणि रंग, इतकेच. केक भाजावयाच्या विजेच्या ओव्हनमध्ये साधारण ११० ते १३० अंश सेल्सिअसवर अर्धा तास ठेवले, की कण एकमेकांत मिसळून पक्के होतात. आच त्याहून फार वाढली, तर ते करपते आणि घातक धूर निघतो. म्हणून वर्गात घड्याळाकडे लक्ष ठेवण्याचा आग्रह धरला होता. त्यासाठी घेतलेली भांडी, लाटणे, सुरी पुन्हा अन्नाला लावू नयेत, हेही येथे नमूद करते. मऊपणासाठी पूर्वी घालीत असलेली काही द्रव्ये आरोग्याच्या शंकेमुळे नामांकित कंपन्यांनी २००० नंतर काढून टाकली; तरी खोक्यावरची माहिती वाचूनच माल घ्यावा.

तिसरी लेक अमेरिकेतली. पीटर व्होलकस हे मातीकामातले मोठे कलावंत. त्यांची मुलगी पिअर नर्तकी होती. १९८० नंतरच्या दशकात न्यूयॉर्कमध्ये तिने हे खेळण्याचे द्रव्य दागिन्यांसाठी हाती घेतले. रंगीत पट्ट्या जुळवून जाड दांडी करावी, ती दाबून-ओढून बारीक करावी, चकत्या कापाव्यात आणि मण्यावर चिकटवाव्यात, अशी तिची आणि तिच्या बरोबरीच्या कारागिरांची रीत. म्हणजे पाचशे वर्षांपूर्वीची मुरानोची युक्ती भट्टीतून निघून घरच्या पोळपाटावर आली! १९९१ साली नॅन रोश या बाईंनी ‘द न्यू क्ले’ हे पुस्तक लिहिले आणि ही विद्या घरोघर पसरली.

आता त्या वडीलधाऱ्या बाईंच्या प्रश्नाकडे वळते. या तिघींच्याही घरी हाताचे काम चालत असे. आईबापांचे पाहून त्या शिकल्या आणि स्वतःचे काही करून गेल्या. बाहुली तर एका मुलीच्या हट्टातून जन्मली. फावल्या वेळच्या उद्योगाला इतिहास असतो, मात्र कोणीतरी तो लिहून ठेवावा लागतो. मारिएत्ताची भट्टी कागदावर आली, म्हणून तिचे नाव उरले. नेवाशाची माळ उरली, ओवणारीचे नाव गेले.

म्हणून मंडळापुढे एक साधी सूचना ठेवते. हस्तव्यवसाय वर्गाची एक नोंदवही असावी. कोणी कोणती माळ केली, नक्षी कोणाची, कोणाकडून शिकली, तारीख काय आणि किंमत किती ठरली, ते तीत लिहावे. किंमत ठरविताना सामानाबरोबर बाईच्या तासांचाही हिशेब धरावा. आपण तो नेहमी विसरतो. वहीला खर्च फारसा नाही. पहिल्या पानावर त्या वडीलधाऱ्या बाईंचेच नाव घालावे, असे मी सुचविते, कारण लहानपणी मणी ओवायला आम्हां पुष्कळजणींना त्यांनीच शिकविले आहे.