जहाजाची प्रत आणि खलाशाचा जीव

यमनचे सूफी रात्रीच्या जिक्रसाठी जी कॉफी पीत, ती सतराव्या शतकात लंडनला पोचली. तिथे एडवर्ड लॉइड यांच्या कॉफीहाउसात जहाजमालक, व्यापारी, विमेवाले जमत. लॉइड १७१३ मध्ये वारले. पण त्याच कॉफीहाउसच्या गिऱ्हाइकांनी १७६० मध्ये संस्था काढली आणि जहाजांची प्रतवारी छापायला घेतली. सांगाड्याला ए, ई, आय, ओ, यू अशी अक्षरं. ए सर्वांत उत्तम. आजची ‘लॉइड्स रजिस्टर’ ती हीच.

ही वही विमेवाल्यांची. जहाज बुडालं तर पैसे कुणाचे जाणार, एवढाच तिचा प्रश्न. पुढे जहाज कुठे बांधलं आणि किती जुनं, यावरच प्रत ठरू लागली, तेव्हा मालक चिडले. १७९९ मध्ये त्यांनी स्वतःची वेगळी वही काढली. १८३४ मध्ये समेट झाला. या भांडणात खलाशी कुठेच नव्हता.

त्याची बाजू सॅम्युएल प्लिम्सॉल यांनी ब्रिटिश संसदेत लावून धरली. जहाजात किती माल भरायचा, हे दाखवणारी रेघ १८७६ च्या कायद्याने सक्तीची झाली. पण ती कुठे मारायची, हे मालकच ठरवी! ही पळवाट बुजायला १८९० उजाडलं. त्या काळात आपल्या कोकणातले मुसलमान खलाशीही ब्रिटिश आगबोटींवर राबत होते.

भारताची अशी संस्था, इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग, मुंबईत १९७५ मध्ये निघाली. जहाजाच्या तपासणीचे पैसे मात्र आजही जहाजमालकच देतो.