साहित्यप्रकारांचे अध्यापन (प्राथमिक स्तर)

कविता, कथा, संवाद, चरित्र, पत्र, प्रवासवर्णन आदी लेखनप्रकारांची रूपे व प्रयोजने प्राथमिक शाळेतील मुलांना श्रवण, वाचन, सादरीकरण आणि लेखन यांतून उमगावीत, यासाठी केले जाणारे अध्यापन. महाराष्ट्रात याचे मुख्य साधन भाषेचे पाठ्यपुस्तक होय. आचार्य अत्रे यांच्या ‘नवयुग वाचनमाले’ने मुलांच्या भावविश्वाला जवळचे पाठ दिले. १९६७ मध्ये पुण्यात पाठ्यपुस्तके तयार करणारी ‘बालभारती’ ही संस्था स्थापन झाली. तिच्या ‘किशोर’ मासिकाने (१९७१) पूरक वाचन पुरवले.

पहिली-दुसरीत बडबडगीते टाळ्यांच्या ठेक्यावर म्हणताना ताल व यमक कानावर ठसतात. गोष्ट मध्येच थांबवून ‘पुढे काय होईल?’ असे विचारल्याने प्रसंगांची साखळी कळते. तीच गोष्ट वर्गात वठवली की कथन आणि संवाद यांतील फरक स्पष्ट होतो. तिसरीनंतर तुलना उपयोगी पडते : पावसावरची कविता, पावसाची गोष्ट आणि पाऊस कसा पडतो हे सांगणारा माहितीपर उतारा शेजारी ठेवल्यास विषय एक असूनही मांडणी का बदलते, हे मुले स्वतः शोधतात. पत्रलेखनात मायना आणि समारोप वाचणाऱ्याशी असलेल्या नात्यानुसार ठरतात. व्याख्या पाठ करून घेण्याने असे स्वतः शोधण्याचा आनंद हरवतो. म्हणून आस्वाद आधी आणि संज्ञा नंतर, हा क्रम पाळणे अत्यावश्यक आहे.