अस्वान : नाईलच्या वेशीवर

शिडात वारा भरतो आणि तुमची फेलुका अस्वानचा धक्का सोडते. समोर एलिफंटाइन बेट, पलीकडे वाळूचा चढ, पात्रात गुळगुळीत काळे खडक. एके काळी इथवर इजिप्त होता, दक्षिणेला नुबिया.

आता चार हजारांहून अधिक वर्षं मागे चला. राजाचा अधिकारी हरखुफ दक्षिणेची मोहीम आटोपून परतलाय. मागच्या खेपेला त्यानं 300 गाढवांवर आबनूस, धूप, हस्तिदंत लादून आणलं होतं. यंदा सोबत एक बुटका नर्तक आहे. राजा पेपी अजून लहान मूल. त्याचं पत्र येतं : नर्तकाला जपून आण, नावेतून पाण्यात पडू देऊ नकोस, रात्रीतून दहादा जाऊन बघ. हरखुफ इतका सुखावतो, की अख्खं पत्र पश्चिम तीरावरच्या आपल्या थडग्याच्या दर्शनी भिंतीवर कोरून घेतो.

शेकडो वर्षं ओलांडून पूर्वेच्या खाणीत उतरा. ठण्‌, ठण्‌, ठण्‌. लोखंडी छिन्नी कुणाकडेच नाही. नारळाहून मोठा, काळा डोलेराइटचा गोटा दोन्ही हातांनी उचलायचा आणि लाल ग्रॅनाइटवर आपटायचा. दर घावाला चिमूटभर भुकटी. खड्ड्याशेजारी खड्डा पाडत 42 मीटर लांबीचा ओबेलिस्क घडतोय, वजन हजार टनांवर. तळ तेवढा खडकाला चिकटलेला आहे आणि अचानक दगडाला तडा जातो. काम तिथंच थांबतं. ते खड्डे आजही तुम्ही हातानं चाचपू शकता.

24 ऑगस्ट, इ.स. 394. फिली बेटावर इसिस देवीच्या देवळात एक पुजारी चित्रलिपीत लेख कोरतोय. आपल्याला माहीत असलेला, तारीख असलेला हा त्या लिपीतला शेवटचा लेख. लेखाशेजारी कोरलेला देव मंदुलिस मात्र नुबियाचा. सारं रोमन साम्राज्य ख्रिस्ती होत असताना इसिसची पूजा पुढं शतकभराहून जास्त काळ टिकली, ती नुबियातून येणाऱ्या भाविकांमुळे.

आता 1964. नाईलवर अस्वानचं उंच धरण बांधलं जातंय. सुमारे 50,000 नुबियन माणसं बोचकी बांधून कोम ओम्बोकडे निघालीत. पूर्वजांच्या कबरींचं शेवटचं दर्शन घेतात आणि गाव सोडतात. पुढं 1972 ते 1980 दरम्यान, पाण्यापासून वाचवण्यासाठी, फिलीचं देऊळ चिरा न्‌ चिरा सोडवून शेजारच्या अगिल्किया बेटावर उभं राहिलं. जगानं त्यासाठी पैसा दिला, आणि ते योग्यच झालं. पण या धरणग्रस्तांची घरं, खजुरीच्या बागा, शेतं पाण्याखालीच राहिली.

म्हणून अस्वानला गेलात, तर देवळं पाहून लगेच परतू नका. 1997 साली उघडलेल्या नुबिया संग्रहालयाला निवांत अर्धा दिवस द्या. एलिफंटाइनवरच्या नुबियन वस्तीत पायी फिरा, तिथल्या लोकांशी बोला. फिली उभं आहे त्यात त्यांच्या पूर्वजांच्या श्रद्धेचा वाटा आहे. तो मान त्यांना मिळायलाच हवा.