बडोद्याचे कलाभवन

गुजरातेत रुजलेल्या मराठी राज्याने मागे काय ठेवले, असे कोणी विचारले तर राजवाडे, ग्रंथालये आणि संगीतशाळा यांची नावे चटकन ओठांवर येतात. कलाभवनाचे नाव त्या मानाने क्वचितच निघते. वास्तविक हिंदुस्थानातील औद्योगिक शिक्षणाच्या इतिहासात बडोद्याच्या या संस्थेचे स्थान अगदी निराळे आहे. ते तिच्या आकारामुळे किंवा वैभवामुळे नव्हे. आरंभी तिने जो प्रश्न हाती घेतला, तो त्या काळी दुसऱ्या कोणी इतक्या नेटाने हाती घेतला नव्हता, म्हणून.

कलाभवन 1890 साली निघाले. तोपर्यंत या देशात अभियांत्रिकीचे शिक्षण नव्हते असे नाही. रुडकीचे कॉलेज 1847 सालचे. पुण्यास 1854 साली जी शाळा निघाली तिचेच पुढे इंजिनिअरिंग कॉलेज झाले. परंतु या संस्थांचा जन्म सरकारी बांधकाम खात्याच्या गरजेतून झालेला होता. कालवे, रस्ते आणि पूल यांवर देखरेख करण्यासाठी सरकारला माणसे हवी होती आणि ती या शाळांतून तयार होत. देशातला विणकर, रंगारी, सुतार किंवा तांबट यांच्या धंद्याचे काय, हा प्रश्न त्यांच्या कक्षेतच नव्हता. मुंबईस 1887 साली व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली, तेव्हा गिरण्यांना लागणाऱ्या शिक्षणाची सोय झाली. पण गिरणीबाहेरचा कारागीर बाहेरच राहिला.

त्या कारागिरावर कोणते संकट कोसळले होते, हे रंगाऱ्याच्या उदाहरणावरून नीट कळते. आपल्याकडचा पक्का तांबडा रंग आलीच्या किंवा मंजिष्ठाच्या मुळांपासून निघे, निळा निळीच्या माटातून. तुरटीचे पाणी किती, हिरडा किती, कापड किती वेळा उकळावयाचे आणि किती वेळा उन्हात घालावयाचे, हे सारे बापाकडून मुलाकडे हाताने आणि डोळ्याने चालत आलेले ज्ञान होते. 1856 साली विलियम पर्किन या इंग्रज तरुणाने डांबरापासून मिळणाऱ्या द्रव्यांतून जांभळा रंग काढला. 1869 साली मंजिष्ठातले रंगद्रव्य प्रयोगशाळेत तयार झाले आणि 1897 साली जर्मनीत बनलेली कृत्रिम नीळ बाजारात आली. हे रंग स्वस्त होते आणि पुडीतून मिळत होते. आमचा रंगारी ती पुडी घेई, पण तिचे शास्त्र त्याच्यापाशी नसे. कोणत्या धाग्याला कोणता रंग धरतो आणि तो पक्का कशाने होतो हे ठाऊक नसल्यामुळे कापड पहिल्या धुण्यातच उतरे आणि बदनामी मात्र रंगाऱ्याच्या पदरी येई.

हे दुखणे ज्याने नेमके ओळखले तो गृहस्थ बडोदा कॉलेजात रसायनशास्त्राचा प्राध्यापक होता. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांचा जन्म 1863 साली सुरतेस झाला. गज्जर हे नावच गुजरातेत सुतार समाजाचे. त्यामुळे हात आणि हत्यार यांविषयीचा आदर त्यांना पुस्तकातून शिकावा लागला नाही. एल्फिन्स्टन कॉलेजात ते रसायन शिकले. योगायोग असा की, नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याच्या शेतकरी घरातून दत्तक येऊन बडोद्याच्या गादीवर बसलेले सयाजीराव गायकवाड यांचेही जन्मवर्ष 1863 हेच. सत्ताविशीच्या आसपासच्या दोन तरुणांनी मिळून ही संस्था उभी केली. एकाजवळ कल्पना होती, दुसऱ्याजवळ खजिना आणि तो खर्च करण्याची हिंमत. राजेलोकांचा पैसा त्या काळी कशाकशावर खर्च होई हे आठवले, म्हणजे या दुसऱ्या गुणाचे मोल लक्षात येते.

कलाभवनात चित्रकला, सुतारकाम, यंत्रकाम, विणकाम आणि रंगकाम असे विभाग होते. ‘कला’ हा शब्द येथे जुन्या, म्हणजे चौसष्ट कलांच्या अर्थाने घेतलेला होता. चित्र काढणे ही जशी कला, तशीच कापड रंगवणे हीसुद्धा. रंगकामासाठी जर्मन तज्ज्ञांचे साहाय्य घेण्यात आले. ज्यांच्या रंगांनी आपला धंदा बुडवला त्यांच्याकडूनच त्या रंगांची विद्या घ्यावयाची, हा गज्जरांचा रोख होता. जुन्या वनस्पतिरंगांसाठी गळा काढीत बसणे त्यांच्या स्वभावात नव्हते.

पण त्यांचा खरा आग्रह भाषेचा होता. कारागिराचा मुलगा इंग्रजी सात इयत्ता चढून मग रसायन शिकेल, ही आशा त्यांना पोकळ वाटे. म्हणून शिक्षण देशी भाषेतून द्यावयाचे, त्यासाठी पुस्तके तयार करावयाची आणि पुस्तकांसाठी आधी परिभाषा तयार करावयाची, असा क्रम त्यांनी मनाशी बांधला. निरनिराळ्या देशी भाषांतील व संस्कृतातील शब्द एकत्र करून शास्त्रीय संज्ञांचा बहुभाषी कोश रचण्याची त्यांची योजना होती, आणि महाराजांच्या आश्रयाने ग्रंथमाला सुरू झाली. आज परिभाषेवरून जे वाद होतात, त्यांतले बरेचसे त्या वेळी बडोद्यात होऊन गेले होते. फरक एवढाच की, तेथे वादाच्या शेजारी रंगाची भट्टीही पेटलेली होती.

या काळातल्या विद्यार्थ्यांपैकी एकाचे नाव पुढे सर्वतोमुखी झाले. त्र्यंबकेश्वरचे धुंडिराज गोविंद फाळके मुंबईच्या जे. जे. स्कूलमधून बडोद्यास आले आणि कलाभवनात चित्रकलेबरोबर छायाचित्रणात रमले. गज्जरांनी त्यांचा ओढा पाहून छायाचित्रणाची सामग्री त्यांच्या हाती दिली. 1913 साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला, तेव्हा त्यामागे चित्रकार, रसायनज्ञ आणि यंत्रज्ञ एकाच माणसात एकवटले होते. असा माणूस तयार होण्यास कलाभवनासारखीच जागा हवी होती.

गज्जर मात्र 1896 साली बडोदे सोडून मुंबईस गेले. तेथे त्यांनी स्वतःची रसायनशाळा काढली, पिवळट पडलेले मोती उजळण्याची युक्ती शोधून पैसा मिळवला, आणि व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला फासलेले डांबरही त्यांनीच काढले. हे डांबर फासणारे चापेकर होते. ते संगमरवरावरून उतरवणारा रसायनज्ञ स्वदेशी उद्योगाचा कैवारी होता. इतिहास असे चमत्कारिक जोड अधूनमधून लावतो.

त्यांच्या जाण्याने संस्थेचा पहिला आवेश ओसरला. पण पेरलेले वाया गेले नाही. 1907 साली बडोद्यास अलेंबिक केमिकल वर्क्स हा कारखाना निघाला, त्याच्या उभारणीत गज्जर, त्यांचे शिष्य कोटिभास्कर आणि भाईलालभाई अमीन ही तीन नावे येतात. औषधी अर्क आणि मद्यार्क बनवणारा हा कारखाना म्हणजे कलाभवनाच्या वर्गांचेच एक लांबलेले टोक होय. शहराच्या हवेतही रंगाची विद्या भिनली होती. विनोबांचे वडील नरहरी भावे हे बडोद्यातल्या आपल्या घरी कापडाचे तुकडे निरनिराळ्या रंगांत बुडवून प्रयोग करीत, हे विनोबांच्या आठवणींतून अनेकांना ठाऊक आहे.

पुढील अर्धशतकात कलाभवन वाढत गेले. येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. संस्था ज्या दिशेने वाढली, ती दिशा तिच्या संस्थापकाची नव्हती. राज्याला, रेल्वेला आणि गिरण्यांना प्रमाणपत्रधारी माणसे हवी होती. पालकांना मुलाची नोकरी हवी होती. आणि नोकरीची भाषा इंग्रजी होती. परंपरेने हत्यार धरणाऱ्या घरांतील मुलांपेक्षा शाळेत पुढे गेलेल्या घरांतील मुले या संस्थेचा लाभ अधिक सहजपणे घेऊ शकत. याचा दोष कोणा एका प्राचार्यावर किंवा दिवाणावर लादता येत नाही. प्रतिष्ठा वाढते तेव्हा दाराची उंचीही वाढते, आणि ज्याच्यासाठी दार बसवले त्याला कडी लागेनाशी होते. ते दार पुन्हा खाली आणण्याची खटपट गज्जरांच्या मागून कोणी त्यांच्या ताकदीने केली नाही, हे मात्र खरे.

1949 साली महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले आणि कलाभवन त्याची तंत्रशास्त्र व अभियांत्रिकी विद्याशाखा बनले. स्थापत्य, यंत्र, विद्युत आणि वस्त्रतंत्र यांतील पदव्या येथून मिळू लागल्या. स्वतंत्र भारताच्या धरणांना आणि कारखान्यांना येथील अभियंते मिळाले. ती कामगिरी लहान नाही. ललितकलांची विद्याशाखा 1950 साली वेगळी निघाली. चित्रकार आणि मूर्तिकार तिकडे गेले, यंत्रे इकडे राहिली. बडोद्याचे लोक मात्र अभियांत्रिकीच्या त्या आवाराला अजूनही कलाभवनच म्हणतात. त्यामुळे नाव ऐकून चित्रे पाहावयास आलेला नवखा माणूस समोर लेथ आणि मोजपट्ट्या पाहून क्षणभर चकित होतो.